विसाव्याचे गाव आणि त्याची ओझी

वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे गावोगावी तिची अनुकरणे झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, अंगण शिंपून, सतरंज्या अंथरून, लोक दोन शब्द ऐकण्यासाठी जमू लागले. याच चैत्र-वैशाखात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर साहेब आपल्या लवाजम्यासह आणि दप्तरांसह महाबळेश्वरच्या डोंगरावर चढलेले असत. राज्यकर्ते वर गारव्यात आणि व्याख्याने ऐकणारी प्रजा खाली उकाड्यात, असा हा एकाच ऋतूचा दुहेरी उपयोग होता. आज वसंतातच, तुर्भ्यासारख्या सखल आणि दमट ठिकाणी बसून, आम्ही त्या डोंगरावरील गावाविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे, ते या योगायोगामुळे नव्हे. त्याचे कारण अधिक जवळचे आहे, आणि ते या तुर्भ्यातच आहे.

येथील बाजार समितीच्या आवारात हिवाळ्यातील एखाद्या पहाटे गेले, तर लाल स्ट्रॉबेरीच्या पेट्या उतरताना दिसतात. त्यांतील बहुतेक माल महाबळेश्वर, पाचगणी आणि भिलार या परिसरातून रात्रीचा घाट उतरून आलेला असतो. शेजारच्या कांदा-बटाटा बाजारात गोणी पाठीवर घेऊन चालणारे जे माथाडी कामगार दिसतात, त्यांच्यांतही सातारा जिल्ह्याच्या जावळी, वाई, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतून आलेली माणसे पुष्कळ आहेत. फळही त्या डोंगरातले आणि ते उतरवणारी पाठही त्याच डोंगरातली. जे गाव सर्व महाराष्ट्रात विसाव्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्या आसपासची माणसे ओझी उचलण्यासाठी एवढ्या लांब का यावीत, हा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर शोधताना त्या गावाचा दैनंदिन इतिहास पाहावा लागला. तोच येथे मांडतो.

महाबळेश्वरचा इतिहास इंग्रजांपासून सुरू झाला, असा एक समज त्यांनी लिहिलेल्या प्रवासपुस्तकांमुळे रूढ झाला. वस्तुतः क्षेत्र महाबळेश्वर हे त्यापूर्वी कित्येक शतके तीर्थस्थान होते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम पंचगंगेच्या देवळात मानला जातो. वाईकडून यात्रेकरू येत, आणि कोकणातून रडतोंडीच्या घाटाने चढून येत. या घाटाचे नावच पुरेसे बोलके आहे. चढणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी ती वाट होती, आणि ती चढणाऱ्यांत नुसते यात्रेकरू नसत, तर पाठीवर मीठ-मिरची आणि धान्य घेतलेले बैल आणि माणसेही असत. डोंगरावर कोळी, कुणबी, धनगर आणि धावड यांची वस्ती होती. धावड हे लोखंड गाळणारे लोक. जांभ्या दगडातील लोहमाती काढावी, रानातल्या लाकडाचा कोळसा करावा आणि भट्टीत लोखंड पाडावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. म्हणजे इंग्रज येण्यापूर्वी हा डोंगर निर्मनुष्यही नव्हता आणि निरुद्योगीही नव्हता.

१८२४ साली साताऱ्याच्या छावणीतील कर्नल पीटर लॉडविक हा एप्रिलच्या उन्हात या पठारावर आला. येथील थंड हवेची त्याने वर्तमानपत्रातून वाखाणणी केली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी रेसिडेंट ब्रिग्ज याच्या सूचनेवरून वर जाण्यास चांगला रस्ता करविला. नंतर गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली येथे आजारी सैनिकांसाठी रुग्णालय काढले, आणि १८२९ साली तह होऊन वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा महाराजांकडून कंपनी सरकारकडे आली. नव्या पेठेला माल्कमपेठ असे नाव पडले. एका गावाच्या मोबदल्यात एक डोंगर, असा हा व्यवहार झाला. आणि तो करताना त्या डोंगरावर राहणाऱ्यांना कोणी विचारले असेल, असे मानण्यास जागा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गावाचा जन्म करमणुकीसाठी झाला नाही, आजाऱ्यांसाठी झाला. उष्ण देशात नोकरी करणाऱ्या इंग्रज शिपायाला आणि अंमलदाराला ज्वर, हगवण आणि यकृताचे विकार ग्रासत. मायदेशी जाऊन यायचे तर गलबतावर कित्येक महिने जात. त्याऐवजी चार दिवसांच्या वाटेवर इंग्लंडसारखी हवा मिळाली, तर मनुष्यही वाचेल आणि सरकारचा पैसाही वाचेल, असा हा हिशेब होता. तो प्रत्येक वेळी जमला असे नाही. मुंबईचा हंगामी गव्हर्नर सर सिडने बेकविथ हा १८३१ च्या जानेवारीत महाबळेश्वरीच वारला आणि त्याचे स्मारक तेथे उभे राहिले. तरीही विसाव्याची कल्पना दृढ होत गेली. पहिल्यांदा आजारी आले, मग त्यांच्या सोबतीला निरोगी आले, आणि शेवटी निरोगीच अधिक झाले.

आता गावातील तळ्याकडे वळू. डोंगरावर प्रचंड पाऊस पडावा आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची ओढ लागावी, ही सह्याद्रीच्या माथ्याची जुनी तऱ्हा आहे. जांभा दगड पाणी झिरपू देतो आणि ते उतारावरून पूर्वेस व पश्चिमेस निघून जाते. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून इंग्रजांनी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांना गादीवर बसविले होते. या अप्पासाहेबांनी १८४२ साली वेण्णा नदीच्या उगमाजवळ बांध घालून सुमारे अठ्ठावीस एकरांचे तळे करविले. आज जे वेण्णा तलाव म्हणून सहलीचे ठिकाण आहे, ते मुळात पाण्याच्या गरजेतून झालेले काम आहे. पुढे सहा वर्षांनी, १८४८ साली, अप्पासाहेब वारले आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, तळे राहिले. माल्कमपेठेच्या बहुतेक ठिकाणांना साहेबांची आणि मडमांची नावे मिळाली असताना गावाच्या घशाला ओल देणारी ही एक गोष्ट मराठी राजाच्या हातून झालेली आहे, हे तेथे नाव हाकणाऱ्या पर्यटकाला सहसा माहीत नसते.

ठिकाणांच्या नावांचा विषय निघालाच आहे, तर तो येथेच पुरा करू. आज जो केट्स पॉइंट म्हणून ओळखला जातो, त्याचे स्थानिक नाव नाके खिंड होते. ऑर्थर सीटला मढीमहाल म्हणत. सर्वांत उंच असलेल्या विल्सन पॉइंटचे नाव सिंदोळा. केट ही माल्कमची मुलगी; ऑर्थर मॅलेट याने त्या कड्याजवळ पहिल्यांदा घर बांधले. नाव बदलणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु ज्याने तो कडा गुराख्याच्या वयापासून पाहिला त्याची ओळख पुसली जाऊन, जो तेथे दोन महिने राहिला त्याची ओळख कायम झाली, एवढा तिचा अर्थ आहे.

या गावाचा दिवस कसा जात असे? हंगाम दोन. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर एक लहान, आणि मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एक मोठा. मोठ्या हंगामात गव्हर्नर, त्यांचे मंत्रिमंडळ, सेनाधिकारी आणि त्यांची कुटुंबे येत. सकाळी धुके असताना घोड्यावरून एखाद्या कड्यापर्यंत जाऊन यावे, न्याहारीनंतर दप्तराचे काम, दुपारी वाचनालय, संध्याकाळी तळ्याकाठी किंवा एखाद्या कड्यावर सूर्यास्त, आणि रात्री भोजन व पत्ते. १८६४ साली फ्रिअर हॉल ही वाचनालयाची इमारत झाली आणि १८८१ साली क्लब स्थापन झाला. देवळासाठी क्षेत्र महाबळेश्वर जसे होते, तसेच साहेबांसाठी त्यांचे चर्चही होते. एकंदरीत, निवृत्त मनुष्याचे जे वेळापत्रक असते तेच येथे नोकरीतल्या मनुष्याला दोन महिने उसने मिळत असे.

परंतु या वेळापत्रकाच्या पाठीमागे दुसरे एक वेळापत्रक चालू असे, आणि ते पहाटे फार लवकर सुरू होई. पखालीतून पाणी भरणारे भिस्ती, सरपणाच्या मोळ्या आणणाऱ्या बायका, घोड्यांचे मोतद्दार, परीट, खाटीक, पाववाले, माळी, हमाल आणि डोलीचे भोई. आगगाडी पुण्यापर्यंत होती. पुढे टांग्याने वाई आणि पसरणीचा घाट. कोकणच्या बाजूने येणारा आगबोटीने खाडीपर्यंत येई आणि पुढे घाट चढे. आंबेनळीचा गाडीरस्ता १८७० नंतरच्या दशकात झाला. त्याआधी चढणीवर माणसाला माणसाच्या खांद्यावरूनच जावे लागे. मेणा किंवा डोली घेऊन चढणारे भोई पाळीपाळीने खांदा बदलत. पियानो, टेबले, दारूच्या पेट्या, दप्तराच्या संदुका, हे सर्व वर गेले ते बैलाच्या नाही तर माणसाच्या पाठीवरून. साहेबाच्या रोजनिशीत एखाद्या सूर्यास्ताला पानभर जागा मिळे, तेथे या माणसांना एखाद्या ओळीहून अधिक सहसा मिळत नसे.

आणि जूनमध्ये काय होई? पावसाची चाहूल लागताच सर्व मंडळी उतरत. सरकार पुण्यास जाई. बंगल्यांच्या भिंती भिजून ढासळू नयेत म्हणून त्यांना गवताच्या जाड पेंढ्यांचे आच्छादन बांधीत आणि पेठेतील दुकानेही बंद होत. एखाद्या म्हाताऱ्याला घोंगडी पांघरून बसवावे, तसे सारे गाव चार महिने गवत पांघरून बसे. बंगल्याचा माळी आणि भोवतालच्या वाड्यांतील लोक मात्र जाणार कोठे? ते त्या धुक्यात आणि ओलीतच राहत. नाचणी आणि वरी यांच्या शेतीवर पोट भरेना, तेव्हा हंगामातील चार पैशांवर वर्ष काढीत. धावडांचे तर याहून वाईट झाले. भट्टीच्या कोळशासाठी झाडे तुटतात म्हणून सरकारने रानाला बंदोबस्त केला आणि लोखंड गाळण्याचा धंदा बसला. रान राखणे ही चांगलीच गोष्ट झाली. आज महाबळेश्वरची जी झाडी आपण पाहतो, तिचे श्रेय काही अंशी त्या बंदोबस्ताला आहे. पण त्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांना त्या झाडीचा विसावा मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

या पहिल्या काळातील आणखी एक विलक्षण प्रकरण सांगितले पाहिजे. १८३४ च्या सुमारास माल्कमपेठेत एक तुरुंग बांधण्यात आला आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवण्यात आले. जागा सुमारे एकशेवीस कैद्यांची होती. आपल्या देशापासून हजारो कोस दूर, ज्यांची भाषा येथे कोणाला कळत नाही अशा या माणसांनी रस्त्यांची कामे केली, वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या विणल्या, आणि बटाटा व विलायती भाज्यांची लागवड केली. पुढे महाबळेश्वरचा बटाटा पुण्या-मुंबईच्या बाजारात नावाजला गेला. १८६४ साली तुरुंग बंद झाला. आज तेथील एका धबधब्याला चिनीमनांचे नाव आहे, तेवढीच त्यांची आठवण. कैद्यांचे गाव आणि विसाव्याचे गाव एकाच पठारावर, शेजारी शेजारी, तीस वर्षे नांदले. आणि विसावा घेणाऱ्यांच्या ताटातील भाजी कैद्यांनी पिकविली. आमच्या तुर्भ्याच्या बाजाराशी महाबळेश्वरच्या बटाट्याचे जे दूरचे नाते आहे, त्याचा आरंभ असा आहे.

आता पाचगणीकडे जाऊ. महाबळेश्वर हे हंगामाचे गाव. तेथे बारा महिने राहता येत नाही. परंतु ज्याने नोकरी संपविली, ज्याला इंग्लंडला परतण्याची ओढ उरली नाही, किंवा पेन्शनीत तेथील खर्च झेपत नाही, अशा वृद्ध इंग्रजाने जावे कोठे? जॉन चेसन या गृहस्थाने १८६० च्या सुमारास या प्रश्नाचे उत्तर शोधले. रुस्तुमजी दुबाश या पारशी गृहस्थाबरोबर त्याने हे डोंगर धुंडाळले आणि महाबळेश्वरच्या पूर्वेस अठरा-एकोणीस किलोमीटरांवरचे पठार पसंत केले. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा म्हणून पाचगणी. घाटमाथ्यापासून थोडेसे आत येताच पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत तो एक तृतीयांशच्या आसपास पडतो. हवा थंड, पण वर्षभर राहण्याजोगी. म्हणून पाचगणी हे आरंभापासूनच निवृत्तांसाठी योजलेले गाव ठरले. महाराष्ट्रात या हेतूने वसविलेले असे दुसरे गाव सांगणे कठीण आहे.

चेसनने सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली, कॉफीचे प्रयोग केले. परंतु आमच्या दृष्टीने त्याचे सर्वांत शहाणपणाचे काम वेगळेच आहे. निवृत्त मनुष्याला हवा आणि देखावा पुरत नाही. त्याला शिंपी लागतो, परीट लागतो, खाटीक, भाजीवाला आणि गवंडी लागतो, हे त्याने ओळखले. या सर्वांना त्याने बोलावून आणले, आणि बाजाराच्या खालच्या अंगाला गावठाणाची जागा त्यांना देण्यात आली. बंगले वर आणि गावठाण खाली, अशी पाचगणीची रचना तेव्हा झाली ती आजही नजरेला येते. विसावा हा एकट्याने घेता येत नाही. त्याला दहा जणांचे श्रम लागतात. हे सत्य पाचगणीच्या नकाशातच उतरलेले आहे. फरक एवढाच, की महाबळेश्वरात श्रम करणारा हंगामी होता, आणि पाचगणीत तो गावकरी झाला. त्याला जागा मिळाली, म्हणून त्याची मुले-नातवंडे तेथे राहिली.

पुढे पाचगणीने आपला धर्म थोडा बदलला. म्हाताऱ्यांसाठी वसविलेल्या गावात मुले आली. १८९० नंतरच्या दशकापासून तेथे निवासी शाळा निघू लागल्या. १९१२ साली डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. क्षयावर औषध नव्हते त्या काळात कोरडी स्वच्छ हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपाय होता. आणि मुंबईच्या दाटीतून आलेल्या किती कुटुंबांची आशा या पठारावर टांगलेली असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून सुटल्यावर, कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या वियोगाने आणि हिवतापाने खचलेले गांधीजी जुलै महिन्यात विश्रांतीसाठी पाचगणीस राहिले. त्यांच्या सायंप्रार्थनेला गावठाणातील माणसेही येऊन बसत. ज्या गावात विसावा हा एका वर्गाचा अधिकार म्हणून आला होता, तेथे पंचाहत्तरीला आलेल्या या वृद्धाचा विसावा सर्वांबरोबर बसण्यात गेला, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले. त्यांचे बंगले मुंबई-पुण्याच्या धनिकांकडे, संस्थांकडे आणि हॉटेलांकडे गेले. डोंगरावरच्या शेतकऱ्याला मात्र एक नवे पीक हाती लागले. स्ट्रॉबेरी इंग्रजांच्या बागांतून आली होती. पण तिची खरी शेती भिलार, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या लहान शेतकऱ्यांनी वाढविली. पाऊस ओसरताच रोपे लावायची आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी करायची. भारतातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा या एका टापूतून येतो, आणि २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार हे २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. ही सर्व प्रगती स्थानिक माणसाच्या हातून झाली, हे विशेष.

पण गावाच्या दैनंदिन आयुष्याला नवे ताणही लागले. पूर्वीचा पाहुणा दोन महिने राही. आताचा दोन रात्री राहतो, आणि सुटीच्या दिवशी वाहनांची रांग तळ्यापासून लांबवर लागते. त्याच वेण्णा तलावातून महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना पिण्याचे पाणी जाते. तळ्यात गाळ साचला तर नाव अडते ही किरकोळ गोष्ट. नळ अडतो ही गंभीर. २००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि बांधकामांवर निर्बंध आले. ते आवश्यक होते. परंतु निर्बंधाचा काच ज्याला घर वाढवायचे आहे अशा गावकऱ्याला अधिक, आणि ज्याच्यापाशी वकील आणि पैसा आहे त्याला कमी, अशी तक्रार डोंगरावर ऐकू येते. धावडांची भट्टी विझली तेव्हाचा प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा उभा आहे: रान राखावे, पण कोणाच्या खर्चाने?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. या डोंगराच्या भोवतालची माणसे खाली का आली? नाचणी-वरीच्या उतारावरील शेतीने भागत नव्हते. विसाव्याच्या गावातील काम हंगामी होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गोद्या, गिरण्या आणि बाजार हातांना बोलावीत होते. पुढे १९६० नंतर कोयनेच्या धरणाचे पाणी शिवसागर जलाशयाच्या रूपाने तापोळ्यापर्यंत पसरले आणि जावळीच्या खोऱ्यातील कित्येक गावे, त्यांची सुपीक तळजमीन, पाण्याखाली गेली. महाबळेश्वरच्या पायथ्याशी असे एक दुसरे, फार मोठे तळे झाले. पहिले तळे गावाला पाणी देण्यासाठी झाले. या दुसऱ्याने राज्याला वीज दिली, आणि आपल्या काठच्या माणसांना देशोधडीला लावले. आज तेथेही नावा चालतात.

मुंबईच्या मशीद बंदर भागात या माणसांनी शंभर-शंभर किलोची गोणी उचलली. कामाचा भरवसा नव्हता, मालक ठरलेला नव्हता, आजारपणाची रजा नव्हती. निवृत्ती हा शब्द त्यांच्या बाबतीत अस्तित्वातच नव्हता. पाठ मोडली, की काम संपले. आणि काम संपले, की गावाकडची वाट. त्यांना पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. त्या लढ्याचे फळ म्हणजे १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम. मालक अनेक आणि बदलते असले, तरी मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी लागेल, आणि त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि वैद्यकीय मदत मिळेल, ही त्यातील योजना. ज्याला मालकच नाही असे म्हणत, त्याला म्हातारपणाचा आधार देणारा असा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला. कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईहून तुर्भ्यास आला, १९९६ साली फळे व भाजीपाला आला. आणि त्याबरोबर हे कामगारही खाडीच्या या बाजूला वस्तीला आले. गोण्याचे वजनही पुढे पन्नास किलोंपर्यंत खाली आले.

आम्ही हा कायदा मुद्दाम या निबंधात आणला आहे. महाबळेश्वरच्या इतिहासात तो बसत नाही असे कोणास वाटेल. आमच्या मते तो त्याच इतिहासाचा उत्तरार्ध आहे. भारतातील सनदी नोकरीच्या इंग्रजाला पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर सालीना हजार पौंडांचे निवृत्तिवेतन ठरलेले होते. त्याला डोलीतून वर नेणाऱ्या भोयाला काय ठरलेले होते? संध्याकाळची मजुरी. निवृत्तांसाठी गावे वसली, तेव्हा ती गावे खांद्यावर तोलणाऱ्यांना निवृत्ती नव्हती. दीडशे वर्षांनी, त्याच डोंगरातल्या माणसांना, डोंगरावर नव्हे तर या खाडीकाठच्या बाजारात, ती प्रथमच कायद्याने मिळाली. ती आजही अपुरी आहे. मंडळाकडे नोंद न झालेले, लेव्ही न भरता काम करून घेतलेले हात याच परिसरात पुष्कळ आहेत. म्हणून हा उत्तरार्ध संपलेला नाही.

हा केवळ जुन्या काळचा विषय आहे असेही कोणी समजू नये. आपल्यापासून सर्वांत जवळचे गिरिस्थान माथेरान. तेथेही शार्लोट नावाचे तळे आहे आणि तेही गावाच्या पाण्यासाठीच बांधलेले आहे. मोटारींना बंदी असल्यामुळे तेथील हवा निर्मळ राहिली, परंतु त्याचबरोबर माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षाही राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला सोडून असल्याचे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा, आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. डोली गेली त्याला शतक उलटले, तरी हा निर्णय व्हायला विसाव्या शतकाच्याही पलीकडे यावे लागले.

आमच्या श्रोत्यांत आज नोकरीतून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी आहेत. चार दिवस महाबळेश्वर-पाचगणीस जाऊन राहावे, असे त्यांपैकी अनेकांच्या मनात असेल, आणि त्यांनी जरूर जावे. श्रम केलेल्या मनुष्याने विसावा घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. तो त्याचा हक्कच आहे. जाताना एवढे मात्र करावे. सिंदोळ्यावर सूर्योदय पाहताना त्याला सिंदोळा म्हणावे. तळ्यावर गेल्यावर अप्पासाहेब महाराजांची आठवण करावी आणि काठावर कचरा टाकू नये, कारण ते कोणाच्या तरी हंड्यात उतरणारे पाणी आहे. घोडेवाल्याशी आणि बंगल्याच्या माळ्याशी दोन शब्द बोलावे. त्याचा भाऊ किंवा चुलता तुर्भ्याच्या बाजारात असण्याचा पुष्कळ संभव आहे. आणि एखाद्या कड्यावरील पाटीवर साहेबाचे नाव वाचताना, त्याला तेथवर कोणी पोहोचविले, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. महाबळेश्वरच्या अनेक कड्यांपैकी एकाही कड्याला भोयाचे, भिस्त्याचे किंवा धावडाचे नाव नाही. ते द्यावे अशी आमची मागणी नाही. गावाचा इतिहास सांगताना ती माणसे त्यात असावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.